लो हॅग विकायचे नाही

मी, इझोबेल टॅलेंटायर, वय एकोणऐंशी, विल्फ टॅलेंटायर याची विधवा, निवृत्त टपालवाली, राहणार बेक कॉटेज, स्कार्थवेट, कंब्रिया, हे लिहून ठेवते की आज माझे डोके ठिकाणावर आहे. गेल्या मंगळवारी डॉक्टरांनी ते तपासले. शंभरातून सात-सात वजा करायला लावले; मी थेट दोनापर्यंत पोचले. पंतप्रधानांचे नाव विचारले. मी नाव सांगितले आणि न विचारता मतही सांगितले. मत त्यांनी कागदावर घेतले नाही. दाखला सोबत जोडला आहे. माझ्या पश्चात कुणी, विशेषतः माझा थोरला भाऊ अँब्रोज, ‘म्हातारीला भ्रम झाला होता’ असे म्हणू लागला तर त्याच्या नाकासमोर तो धरावा.

हे मी राजीखुशीने लिहीत आहे. माझ्यावर दडपण आणील असा माणूस या खोऱ्यात अजून जन्माला यायचा आहे.

यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. २००९ सालच्या मृत्युपत्रात मी लो हॅग या माझ्या रानाचा अर्धा हिस्सा अँब्रोजला ठेवला होता. ते कलम दोनदा रद्द समजावे.

माझ्या वकीलबाई मिस ओग्डेन यांचा सल्ला असा की कुणाला काय द्यायचे तेवढेच लिहावे. “कारणं लिहू नका, मिसेस टॅलेंटायर. कारणांवरून भांडणं होतात.” मी म्हटले, “भांडणं होऊन गेलीत, बाई. कारणंच लिहायची राहिलीत.” तेव्हा कारणांसह लिहिते.

कलम १. हत्यारे

रानात लावलेले सोळा तारेचे पिंजरे, मागच्या पडवीतली विल्फची हवेची बंदूक, जाड गोणी, कातडी हातमोजे आणि पिंजऱ्यांच्या जागा दाखवणारा हाताने काढलेला नकाशा, हे सर्व मी डिलिस रूटलेज हिला देते. डिलिस ही गावच्या शाळेतली निवृत्त गणिताची बाई. गेल्या हिवाळ्यात माझे खुब्याचे हाड मोडले, तेव्हा चार महिने रोज सकाळी तिने माझी पिंजऱ्यांची फेरी केली. पहिल्या दिवशी येऊन म्हणाली, “इझी, माझे हात थरथरले गं.” मी म्हटले, “थरथरू देत. नेम चुकला नाही ना?” “नाही.” “मग झालं तर.”

पिंजरे कशासाठी हे गावात कुणाला सांगायला नको, पण हा कागद शहरातल्या कचेरीतही वाचला जाईल म्हणून लिहिते. आमच्या रानात तांबडी खार राहते. कानांवर केसांचे तुरे, ओंजळीत मावेल एवढी. ती इथलीच, आमच्या सगळ्यांच्या आधीपासूनची. राखाडी खार तिच्या दुप्पट वजनाची. दीडशे वर्षांपूर्वी काही हौशी जमीनदारांनी ती अमेरिकेहून बागेची शोभा म्हणून आणली. राखाडी खार हेझलच्या झुडपांची फळे हिरवी असतानाच फस्त करते. तांबडीला ती पिकावी लागतात, तोवर फांदीवर काही उरत नाही. त्यातूनही तांबडीने दिवस काढले असते. पण राखाडीच्या अंगात देवीसारखा एक रोग असतो. तिला स्वतःला त्याचे काही होत नाही. तांबडीला लागला की दोन-तीन आठवड्यांत खेळ खलास.

पहिली राखाडी आमच्या रानात आली ती १९९८ च्या एप्रिलात. विल्फ वनखात्यात होता, दक्षिणेकडची राने रिकामी होताना त्याने पाहिली होती. त्यानेच पिंजरा मांडला. दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी दारात येऊन उभा राहिला, टोपी हातात.

“सापडली,” म्हणाला.

“मग?”

“माझ्याच्यानं होत नाही, इझी.”

पस्तीस वर्षे शंभर-शंभर फुटी झाडे पाडलेला माणूस. मी हात पुसले आणि गेले. पिंजऱ्यातून गोणीत, गोणीच्या कोपऱ्यात डोके, आणि एकच घाव. परत येऊन मोरीत ओकले. मग टपालाची गाडी काढली आणि वेळेवर फेरी सुरू केली. त्या दिवशी एकही पत्र चुकीच्या दारात पडले नाही.

आजवर एक हजार चारशे सहा. ही बढाई नव्हे. ज्याने जीव घेतला त्याने निदान आकडा विसरू नये, एवढेच. राखाडीने माझे काही वाकडे केलेले नाही; तिला कुणी विचारून आणले नव्हते. माझा राग तिच्यावर कधीच नव्हता. माझा राग माणसांवर आहे. त्यांतली काही पुढे येतील.

कलम २. पत्रे

कपाटातल्या बिस्किटांच्या डब्यात निळ्या फितीने बांधलेली नऊ पत्रे आहेत. ती मी लव्हिनिया मॉस हिला, म्हणजे आमच्या चॅपलात ऑर्गन वाजवते तिला, परत करते.

ही निनावी पत्रे २००२ ते २००४ या काळात मला आली. खोऱ्याचे टपाल मीच वाटत असल्यामुळे मला शिव्या देणारी पत्रेही मीच माझ्या घरी नेऊन टाकली. ‘खुनी बाई’, ‘मुक्या जिवांचे तळतळाट लागतील’, वगैरे. लव्हिनिया, अगं, अडतीस वर्षे मी लोकांची अक्षरे वाचली. माझ्या आडनावाचे पहिले अक्षर तू छत्रीसारखे काढतेस, नाताळच्या कार्डावरही आणि शिव्यांच्या पाकिटावरही. मी कधी काही बोलले नाही. दर रविवारी तुझ्या ऑर्गनवर गायले, आणि तू दर रविवारी घरी जाऊन भाजलेली कोंबडी खाल्लीस.

पत्रांतले शुद्धलेखन मी लाल शाईने सुधारले आहे. ‘निर्दय’ हा शब्द सात ठिकाणी चुकला आहे.

कलम ३. घर

बेक कॉटेज हे घर, आतल्या सामानासह, माझी एकुलती एक मुलगी मेरियल हिला. ती लीड्सच्या एका इस्पितळात परिचारिका आहे.

ईस्टर, २००५. मेरियल तिच्या सहा वर्षांच्या टॅम्सिनला घेऊन आली होती. मी सकाळची फेरी आटोपून परसातून येत होते तर पोरगी पायरीवर बसलेली. “आजी, गोणीत काय आहे?” मी म्हटले, “खार. मारलेली.” तिने दोन क्षण विचार केला आणि भोकाड पसरले.

मेरियल धावत आली. “आई, सहा वर्षांची आहे ती!”

“म्हणूनच खोटं बोलले नाही.”

“बटाटे आहेत म्हणायचं! कांदे म्हणायचं! कुठली आजी असं बोलते?”

“तिनं विचारलं, मी सांगितलं.”

“तुला काही वाटत नाही का गं? खरंच काही वाटत नाही?”

मी गप्प बसले. माझी चूक झाली असेल तर ती तिथे झाली. वाटते, असे मी म्हणायला हवे होते. पण आमच्या घरात भावना बोलून दाखवायची पद्धत नव्हती, आम्ही चहा टाकत असू. मी चहा टाकला. तो होईपर्यंत त्यांची गाडी निघून गेली होती. त्यानंतर सहा वर्षे मेरियल या घरात राहायला आली नाही. बापाच्या अंत्यविधीला आली, तीही त्याच दिवशी परतली. फोन तेवढा दर रविवारी करायची.

ती पुढे कशी आली ते खाली येईलच. घरावर कसलीही अट नाही. मेरियलने राहावे, विकावे, भाड्याने द्यावे. फक्त परसात पाखरांसाठी दाण्यांचे भांडे टांगू नये. ही अट नव्हे, आईची आज्ञा आहे.

कलम ४. लो हॅग

गावाच्या वरच्या उतारावरचे लो हॅग नावाचे बावीस एकर रान मी आमच्या खोऱ्याच्या तांबडी खार मंडळाला विश्वस्त म्हणून कायमचे देते. ते विकू नये, गहाण टाकू नये, भाडेपट्ट्याने देऊ नये. त्यात लाकडी बंगल्या, तंबू, उपाहारगृह किंवा मिस ओग्डेन यांना सुचेल असे दुसरे काहीही उभारू नये.

वडिलांनी १९७४ साली वाटणी केली तेव्हा नदीकाठची सपाट कुरणे अँब्रोजला गेली आणि मला हे रान मिळाले: दगड, चिखल आणि हेझलची झुडपे. अँब्रोज तेव्हा हसून म्हणाला होता, “सरपणाची ददात नाही तुला, इझी.” कुरणांवर त्याने चाकांवरच्या घरांचा, म्हणजे कॅरव्हॅनचा, तळ काढला. उन्हाळ्यात शहरातले लोक येऊन राहू लागले. प्रत्येक घरापुढे दाण्यांचे भांडे टांगलेले. राखाडी खारी तिथे पोसल्या आणि ओढा ओलांडून माझ्या रानात चढल्या. तांबड्या रानातून उतरून त्याच भांड्यांवर खाऊ लागल्या. रोग पसरायला यापरती सोय नाही.

मी जाऊन विनवले. हो, विनवले, हा शब्द लिहायला मला अजून जड जाते. “अँब्रोज, भांडी काढ. नाही तर मला तिथं पिंजरे लावू दे.”

“पाहुण्यांसमोर पिंजरे? वेडी झालीस का? त्यांना खारी बघायला आवडतात.”

“कुठल्या खारी?”

“खार ती खार. रंग कोण बघतंय?”

२०११ च्या मार्चात माझ्या मागच्या दाराशी एक तांबडी मादी बसलेली दिसली. मी जवळ गेले तरी हलली नाही. डोळे खपल्यांनी बंद झालेले, ओठ सुजलेले, पंजे असे की फांदी धरणे शक्य नाही. स्तनांना दूध होते. मी तिला टोपीत घालून गुरांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी पाहिले आणि चष्मा काढून ठेवला. “मिसेस टॅलेंटायर, हिला सोडवू या.” त्यांनी सुई दिली. पिल्लांचे घरटे शोधायला मी तीन दिवस रान पिंजून काढले. सापडले तेव्हा उशीर झाला होता.

आमच्या रानात तेव्हा चाळीसच्या आसपास तांबड्या होत्या. अकरा आठवड्यांत एकही उरली नाही.

पिल्लांचे घरटे सापडले त्या रविवारी मेरियलचा नेहमीसारखा फोन आला. मी “हं” आणि “बरं” एवढेच म्हणत राहिले असणार. दुपारी तिची गाडी दारात. तिने माझे हात पाहिले. झाडांवर चढून सोलवटलेले, पासष्टीच्या बाईचे हात. तिने ते धुतले, मलमपट्टी केली, आणि मग विचारले, “आई, खार मारतेस तेव्हा काय होतं गं तुला?”

“दरवेळी पोटात पीळ पडतो.”

“अजून?”

“अजून. ज्या दिवशी पडायचा थांबेल त्या दिवशी पिंजरे दुसऱ्याला देईन. सवय झालेल्या माणसाच्या हाती असली कामं देऊ नयेत.”

“मग त्या वेळी का नाही बोललीस?”

“चहा टाकला होता,” मी म्हटले. ती हसली, मग रडली. त्यानंतर तिने माझे काम आवडते असे कधी म्हटले नाही. पण ती येत राहिली.

पुढच्या रविवारी मी शिडी आणि गोणी घेऊन भर दुपारी अँब्रोजच्या तळावर गेले. एकेका घरासमोर शिडी लावली आणि भांडी उतरवली. पाहुणे खुर्च्यांवर बसून बघत होते. एकाने विचारले, “आजी, तुम्ही इथल्या कामगार का?” मी म्हटले, “हो, आणि पगार थकलाय.” तेवीस भांडी भरली. गोणी फरपटत त्याच्या जेवणघरात नेली आणि मटण, वाफवलेले गाजर आणि पुदिन्याची चटणी यांच्या मधोमध उपडी केली. त्याच्या बायकोचा रस्सा मांडीवर सांडला, त्याबद्दल मी तेव्हा क्षमा मागितली होती आणि ती आता या जगात नसली तरी पुन्हा मागते. भांड्यांबद्दल मागत नाही.

अँब्रोजने पोलीस बोलावले. तो शिपाई बिचारा माझ्याच फेरीतल्या घरात वाढलेला. “मिसेस टॅलेंटायर, पुन्हा असं करणार का?” “पुन्हा टांगली तर पुन्हा.” त्याने वहीत काय लिहिले कोण जाणे. भांडी पुन्हा टांगली गेली नाहीत. पण त्या दिवसापासून अँब्रोज आणि मी, अर्ध्या मैलावर राहणारी सख्खी भावंडे, चौदा वर्षे एक शब्द बोललो नाही. दुकानात तो पावासाठी उभा असला की मी आधी लोणी घ्यायची.

रान तीन वर्षे मुके होते. पिंजऱ्यांत राखाडी येत राहिल्या, मी फेरी करत राहिले. लोक म्हणाले, “आता कुणासाठी करतेस? वाचवायला उरलंय काय?” मी म्हणायची, “जागा राखून ठेवतेय.” २०१४ च्या सप्टेंबरात उत्तरेच्या सूचिपर्णी रानातून एक मादी आली. हेझलखाली बसून तिने एक फळ उचलले, कानाशी हलवून पाहिले, हलके लागले म्हणून टाकले, दुसरे घेतले. मी चिखलात गुडघ्यांवर बसून होते. उठायला डिलिसला हाक मारावी लागली.

या वसंतात मोजल्या तेव्हा एकतीस भरल्या. ‘शेवटी राखाडीच जिंकणार’ असे सांगायला लोक अजूनही दारापर्यंत येतात. जिंकतील कदाचित. माझ्या रानातून जिंकत जायचे असेल तर त्यांनी सोळा पिंजरे चुकवून जावे.

कलम ५. माझा भाऊ

अँब्रोज गेल्या जूनमध्ये माझ्या दारात आला. वय चौऱ्याऐंशी, हातात काठी, काखेत गुंडाळलेला नकाशा. चौदा वर्षांत पहिल्यांदा. मी दार उघडले, बाजूला झाले नाही.

“बसू का?” म्हणाला.

“काखेत काय आहे त्यावर आहे.”

नकाशा त्याने पायरीवरच पसरला. लो हॅगमध्ये चौदा लाकडी बंगल्या. “झाड एकही तोडायचं नाही, इझी. मधल्या मोकळ्या जागांत फक्त. तुला हवी ती किंमत सांग.”

“आणि प्रत्येक बंगलीपुढं?”

“पुढं काय?”

“दाण्याचं भांडं.”

त्याने नकाशाची कड काठीने दाबून धरली. मग म्हणाला, “तू गेल्यावर कोण करणार आहे हे? मेरियल? तिला कोळी मारवत नाही. दोन वर्षांत रान राखाडी होईल. मग निदान पैका तरी उभा राहू दे.”

“मी गेल्यावर तू उरशील असं धरूनच चाललायस,” मी म्हटले. “चौऱ्याऐंशीचा ना तू?”

त्याला हसू आले नाही. तो नकाशा गुंडाळू लागला. खाली मान घालूनच तो बोलला. “त्या वर्षी मी रोज पहाटे तळावर फिरायचो. मेलेल्या तांबड्या उचलायला. पाहुणे उठायच्या आत पुरून टाकायचो.”

“किती?”

“एकोणीस.”

“म्हणजे मी गोणी घेऊन आले तेव्हा तुला ठाऊक होतं.”

“होतं.”

“आणि तरी पोलीस बोलावलेस.”

“सगळ्यांसमोर तू माझं तोंड काळं केलंस, इझी. मग मी काय करणार होतो?”

“भांडी काढायची होती,” मी म्हटले. “मार्चात.”

तो गेला. काठी टेकत फाटकापर्यंत जाताना मी पाहिले. मागून हुबेहूब वडिलांसारखा दिसतो.

चॅपलमधल्या लोकांना वाटते की मरण्याआधी सगळ्यांना क्षमा करावी. मी अँब्रोजला क्षमा केलेली नाही. प्रयत्न करून पाहिला, जमले नाही, आणि न जमलेली गोष्ट जमली म्हणून लिहिणे हे या कागदाला शोभणार नाही. तरीही तो माझा भाऊ आहे. लहानपणी ओढ्यात पडले तेव्हा त्याने मला वेणीला धरून बाहेर काढले होते. म्हणून त्याला पुढीलप्रमाणे:

लो हॅगमध्ये मोठ्या बीच झाडाखाली विल्फने केलेले लाकडी बाक आहे. त्यावर सकाळी येऊन बसायचा हक्क अँब्रोजला हयातभर राहील. मंडळाने त्याला अडवू नये. सातच्या सुमारास तांबड्या येतात. त्याने बघावे. खिशात दाणे आणू नयेत. डिलिस खिसे तपासू शकते.

आणि त्या एकोणीस कुठे पुरल्या ते त्याने डिलिसला दाखवावे. तिथे दगड नको, फूल नको. नकाशावर खूण हवी.

कलम ६. बाकीचे

बँकेत जे असेल ते मंडळाला, हेझल लावायला आणि पिंजरे दुरुस्त करायला. मोटार टॅम्सिनला. ती आता सव्वीसची आहे आणि वळणावर फार जोरात हाकते. ब्रेक डावीकडे ओढतात हे तिने ध्यानात ठेवावे. मनुकांच्या केकची कृती कुणालाही नाही. ज्यांनी मागितली त्यांना मी आजवर साखर कमी करून सांगितली, आणि ते तसेच राहू दे.

कलम ७. अंत्यविधी

विधी चॅपलात, छोटा. ऑर्गन लव्हिनियाच वाजवील. तिच्याइतके चांगले या खोऱ्यात कुणी वाजवत नाही, हे मी रागातही मान्य करते. राख लो हॅगमध्ये, विल्फच्या शेजारी.

माझ्या विधीच्या दिवशी पिंजऱ्यांची फेरी चुकवायची नाही. पिंजऱ्यात सापडलेला जीव, तांबडा असो की राखाडी, दिवसभर अडकून घाबरत बसता कामा नये. तांबडी असेल तर दार उघडून बाजूला व्हावे. राखाडी असेल तर डिलिसला काय करायचे ते ठाऊक आहे. घाई करू नये, नेम धरावा. सोळाही पिंजरे बघून झाल्याशिवाय कुणी काळे कपडे घालू नयेत. त्यामुळे चॅपलात उशीर झाला, पाद्री घड्याळ बघू लागले, लोक कुजबुजू लागले, तरी चालेल. मला त्या दिवशी दुसरे कुठे जायचे नाही. मी थांबेन.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी मेरियल आणि मिस ओग्डेन यांनी मिळून करावी.

वरील सर्व मी स्वतः वाचले, समजून घेतले, आणि खालील दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही असा कायदा आहे. दोघांनाही ते आधी सांगितले. कॉर्मॅक म्हणाला, “केकचा एक तुकडा तरी?” तो त्याला आत्ताच, मी जिवंत असताना दिला आहे, म्हणून त्यास हरकत नसावी.

सही: इझोबेल टॅलेंटायर

साक्षीदार:
१. कॉर्मॅक बेल, टपालवाला, स्कार्थवेट
२. योलांडा हेदरिंग्टन, मालकीण, गावचा पब, स्कार्थवेट

स्थळ: बेक कॉटेजचे स्वयंपाकघर, स्कार्थवेट
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२५, सकाळची फेरी झाल्यावर